टॉवेलखालची वेल

दाराच्या भिंगातून समोरच्या शालनकाकू दिसल्या, तशी हेमांगीने आधी गॅलरीतल्या टांगत्या कुंडीवर टॉवेल टाकला आणि मगच दार उघडलं. जांभळ्या पानांवर रुपेरी पट्टे असलेली ती वेल मुळात काकूंची. त्यांनी कधी कुणाला तिचं एक पेरही दिलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेमांगीने वाणाच्या डबीआड एक फांदी पळवली होती.

"हे गेल्यावर मी वेल आत आणली, फोटोपाशी," काकू बसता बसता म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. मुळासकट कुजली गं. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

हेमांगी गॅलरीकडे पाठ करून बसली. कबूल करावं तर चोर, गप्प बसावं तर त्याहून वाईट. टॉवेलखालून एक हातभर जांभळी शेंडी खुशाल झोके घेत होती.

"तुझ्या टॉवेलला पानं फुटलीत वाटतं," काकू म्हणाल्या.

"काकू, मी..."

"ह्यांनी आतल्या खोलीतून पाहिलं होतं तुला तोडताना. मला आत बोलावून सांगितलं. मी तुला हटकणार होते, तर म्हणाले, नेऊ दे, चोरलेली फांदी हमखास जगते."

"थांबा, मी कापून देते." हेमांगी धडपडत उठली.

"खबरदार! दिलेली जगायची नाही. तू चहा ठेव जा, आणि मागे वळून बघू नकोस."

हेमांगीने चहा ठेवला आणि गॅस अगदी बारीक केला.