अंगणातल्या खाटा

अथेन्सहून थीरा बेटावरच्या शाळेत बदलून आलेल्या इस्मिनीबाईंनी फळ्यावर ते बेट काढलं, दक्षिणेच्या टोकाला ठिपका दिला आणि खडू टेबलावर ठेवला. "साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथलं शहर ज्वालामुखीच्या राखेत गडप झालं. पण एकही सांगाडा सापडला नाही. आधीच्या भूकंपानंतर लोकांनी खाटा घराबाहेर काढल्या, मग बहुधा होड्यांतून निघून गेले." "बाई, आमच्या आजीनंही आज खाट अंगणात काढली," कालिरोई म्हणाली. "ढेकूण झाले असतील," मागून कुणीतरी बोललं. वर्ग खिदळला, बाईही हसल्या. "का गं काढली?" "तिलाच ठाऊक नाही. म्हणते, पहाटे उठले तर हात आपसूक खाटेकडे गेले." बाई हसतच खिडकीशी गेल्या. खाली गल्लीत घराघरापुढे खाटा होत्या. प्रत्येक खाटेवर एकेक म्हातारी, मांडीवर गाठोडं, तोंड समुद्राकडे. मागं टेबलावरचा खडू घरंगळू लागला.