चाळीस व्ह्यूज

दोघी बहिणी एकाच साइटवर ब्लॉग लिहायच्या. धाकटीच्या नव्या लेखाला आठवडाभरात चाळीस व्ह्यूज झाले आणि आपल्या लेखाला नऊच, हे थोरलीला खुपत होतं. भाजी चिरताना, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, ती सारखा धाकटीचा लेख उघडून आकडा बघायची. दर वेळी तो वाढलेलाच असायचा आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

शनिवारी धाकटीचा फोन आला. "ताई, नवीन अपडेट बघितलंस? लेख कोणी किती वेळा उघडला ते आता नावानिशी दिसतं."

थोरलीने लॅपटॉपवर उघडा असलेला धाकटीचा लेख घाईघाईने बंद केला.

"चाळीसपैकी एकतीस वेळा तूच उघडलायस गं!" धाकटी हरखून म्हणाली. "मला वाटायचं, तुला माझं लिखाण आवडतच नाही."

"असं कसं वाटलं तुला?" थोरली कसंबसं म्हणाली.

फोन ठेवून तिने तो लेख बत्तिसाव्यांदा उघडला आणि पहिल्यांदाच वाचला.