ठिबकणारा जोड

"बंद करावाच लागेल?" वेइचेने तिसऱ्यांदा विचारलं.

सुयुनने संगणकाच्या पेटीला कान लावला होता. आत पोट बिघडल्यासारखी गुडगुड चालली होती. "आतल्या पाण्याच्या कूलरचा पंप शेवटच्या घटका मोजतोय, शेनसाहेब. तुम्ही नाही बंद केलंत, तर यंत्र आपणहून बंद पडेल. तेही तुम्हाला न विचारता."

वेइचेने पेटीवर हात ठेवला. "पाच वर्षांत हे यंत्र एक दिवसही थांबलेलं नाही."

"रात्रंदिवस चालतं? काम कसलं?" सुयुनने विचारलं.

"चित्रांचं. साठवायची, तपासायची."

सुयुन पन्नाशीची होती. पाण्याने संगणक थंड ठेवायच्या कामात तैवानच्या ताइचुंग शहरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती हसली. "मग घाबरता कशाला? असाच तयार कूलर मिळतो, सगळं आतच बंद असलेला. अर्ध्या तासात बदलून देते."

वेइचेचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्याची बायको पेइजू चहा आणि पेरूच्या फोडी घेऊन आली. जूनच्या उकाड्यातही तिने मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता.

"वहिनी, बसा की जरा."

"तिला बरं नसतं, ताई," वेइचेच म्हणाला. मग मायेने बायकोकडे वळला. "मी बाहेर गेल्यावर नूडल्स टाकून दिलेस ना? असं करू नये गं. खात जा."

पेइजूने मान खाली घातली आणि आत गेली.

चहा संपल्यावर सुयुन स्वतःच कप उचलून स्वयंपाकघरात गेली. वेइचेला बरं वाटलं. कामाची माणसं हल्ली इतकी रीत पाळत नाहीत. आत नळ बराच वेळ वाहत होता. त्या आवाजात दोघींचं बोलणं ऐकू आलं नाही.

सुयुन हात पुसत बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने.

"मी विचार बदलला. तयार कूलर नको. दोन वर्षांत पुन्हा हेच रडगाणं. सगळं सुटं जोडू या. मोठा पंप, वेगळी टाकी, कडक नळ्या. जन्मभर चिंता नाही."

"पण वेळ?"

"एक दिवस. पाणी भरल्यावर नुसता पंप चालवायचा, बाकी कशालाच वीज द्यायची नाही. कुठे गळत नाही ना, ते बघायला. एक थेंब जरी पडला, तर तुमची सगळी चित्रं गेली समजा."

शेवटच्या वाक्याने वेइचे तयार झाला.

शनिवारी सकाळी त्याने यंत्र बंद केलं. घर एकदम नको इतकं शांत झालं. त्याने सवयीने मोबाइल काढला, काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकला. सुयुन नळ्या तापवून वाकवत होती. तो तिच्याजवळून हलला नाही. दर दहा मिनिटांनी मात्र "पेइजू!" अशी हाक मारायचा, आणि आतून "हं" आलं की गप्प बसायचा.

दुपारी पाणी भरलं. प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवले. पंप सुरू झाला. सुयुन वाकून एका जोडाकडे बघत राहिली.

"ठिबकतोय."

वेइचेला दिसलं, रुमालाचा कोपरा ओला होता.

"जोडातली रबरी कडी बदलावी लागेल. संगणकाच्या बाजारात मिळेल. मला इथून हलता येणार नाही, पाण्यावर लक्ष हवं."

तो दारात घुटमळला. "ताई, पेइजूला एकटीला खाली जाऊ देऊ नका. तिला चक्कर येते."

"एकटीला नाही जाऊ देणार," सुयुन म्हणाली.

स्कूटर दामटत तो पाऊण तासात परतला. यंत्राशेजारी सुयुन बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"वहिनी झोपल्यात. डोकं दुखत होतं."

झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वेइचेने ते उघडलं नाही; त्याला कधी उघडावं लागायचं नाही. त्याने बाजारातून आणलेली रबरी कडी सुयुनपुढे केली. सुयुनने ती न बघताच खिशात टाकली.

"जोड मी मघाशीच आवळला. आता एक थेंब नाही. तासाभराने खुशाल सुरू करा." हत्यारं गोळा करून ती निघाली. लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याने कसाबसा तास काढला. रुमाल कोरडे ठणठणीत होते. त्याने बटण दाबलं. गुडगुड नाही, घरघर नाही. यंत्र जिवंत झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

पडद्यावर चार चौकोन उमटले. स्वयंपाकघर. गॅलरी. न्हाणीघर. पलंग.

चारही रिकामे होते.

त्याने सकाळचं, यंत्र बंद करण्याआधीचं शेवटचं चित्रण उघडलं. स्वयंपाकघरात पेइजू उभी होती. जो कॅमेरा घरात आहे हे तिला माहीतच नाही असं तो पाच वर्षं समजत होता, त्यात थेट बघत ती निरोपाचा हात हलवत होती.