पेडलवरचा पाय

"गाडी वरडती लय, पळत न्हाई. आमच्या तात्यासारखी," कल्याण मिस्त्रीच्या हातात चावी देताना गाडीचा मालक राधेश्याम म्हणाला आणि स्वतःच हसला.

लाल रंगाची, बुटकी, टर्बो इंजिनाची गाडी होती. महिन्यापूर्वीच दुसरीकडं नवी क्लच प्लेट टाकलेली. कल्याणनं ती भोकरदनच्या बाहेर जालना रोडला नेली. तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली. इंजिनाचा काटा पाच हजारावर गेला, गाडी साठवरच राहिली. क्लच घसरत होता, जळका वास आला. परत येऊन त्यानं ती गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि गिअरबॉक्स उतरवला. प्लेट अजून जाड होती, पण तेलानं भिजलेली. आतला क्लच सिलिंडर गळत होता. आधीच्या मिस्त्रीनं प्लेट बदलली आणि गळती तशीच ठेवली होती.

सामान दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून आलं. दुपारी तीनपर्यंत नवा सिलिंडर, नवी प्लेट बसवून गिअरबॉक्स वर चढला. आता फक्त क्लचच्या तेलाच्या पाईपातली हवा काढायची राहिली. ते एकट्यानं होत नाही. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून निपल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, पान्यानं सैल सोडायचा. पेडलवर त्याची बायको दैवशाला बसायची. तिला जाऊन दीड महिना झाला होता.

घर गॅरेजच्या मागंच होतं. कल्याण दारात जाऊन उभा राहिला. सासू, उषाबाई, ज्वारी निवडत बसल्या होत्या. चार वर्षांची शालू त्यांच्या मांडीला लागून झोपली होती. लेकीच्या मातीला धावड्याहून आलेल्या उषाबाई या नातीसाठी थांबल्या होत्या. माझ्या लेकीच्या जिवाला जो कारण असंल त्याच्या दारात पाणी पिणार न्हाई, असं तेराव्याला त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. कारण कोण, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मामी, जरा गाडीत बसता का? पाय दाबून धरायचा फक्त."

उषाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. गाडीत बसताना त्यांनी दोन्ही हातांनी दार धरलं.

"अगं बाई! बसलं की उठवायला माणूस लागंल. एवढा पैसा घालून भुईवरच बसायचं व्हय?"

"हे दाबायचं, मामी. दाबलं की 'दाबलं' म्हणायचं. मी निपल सोडला की पेडल पायाखालून खाली जाईल. भ्यायचं न्हाई. मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलायचा न्हाई. उचलला तर हवा परत आत."

तो खड्ड्यात उतरला. निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं.

"दाबलं."

त्यानं निपल सोडला. नळीतून तेल आलं, तेलात बुडबुडे. निपल आवळला. "सोडा."

पाच-सहा वेळा असं झालं. खड्ड्यातून त्याला उषाबाई दिसत नव्हत्या. नळीतलं तेल तेवढं दिसायचं. त्यांचा पाय थरथरला की तेल थरथरायचं.

"दाबलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, एक इचारू का?"

"इचारा."

"त्या दिशी ती सकाळधरनं दमत व्हती म्हणं. शेजारची बेबीनंदा म्हणली. अन् तुमी निघाले चार वाजता."

दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. गॅरेजात त्या दिवशी तीन गाड्या उभ्या होत्या. पण मेलेल्या बाईच्या नवऱ्याला कोण विचारणार?

त्यानं निपल सोडला. तेल खाली येऊ लागलं.

"गाडी मिळाली न्हाई म्हणलो, ते खोटं हाय, मामी. ती दोनदा आल्ती इथं, खड्ड्याच्या कडंला. म्हणली, दम लागून राह्यला, दवाखान्यात चला. मी म्हणलो, एवढा गिअरबॉक्स चढवतो, मंग जाऊ. दुसऱ्या बारीला बी तेच म्हणलो."

नळीतलं तेल थांबलं. मग उलटं वर गेलं. निपलच्या आट्यांतून हवा आत शिरली. वर पाय उचलला गेला होता.

त्यानं निपल आवळला आणि पाना हातात धरून उभा राहिला. आता दार उघडेल. उषाबाई घरात जातील, पिशवी भरतील, झोपलेल्या शालूला खांद्यावर टाकतील आणि स्टँडचा रस्ता धरतील. त्यानं दाराच्या आवाजाची वाट पाहिली.

दार उघडलं नाही.

"मला फोन केल्ता तिनं," वरून आवाज आला. "आदल्या दिशी. म्हणली, आई, येती का, मला बराबर वाटंना. मी म्हणले, कापसाची वेचणी चालू हाय, बाया लावल्यात, परवा येते."

वर सीट हलली. मग त्याच म्हणाल्या,

"परवा आलेच की मी."

कल्याणच्या मनगटावरून तेल कोपरापर्यंत आलं होतं. ते त्यानं पुसलं नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली आणि खड्ड्यात थोडी माती पडली. मग वर पेडल करकरलं.

"दाबलं."

त्यानं निपल सोडला. फेस आला. आवळला. "सोडा."

"दाबलं."

पुन्हा फेस.

"किती बार करायचं हे?" उषाबाईंनी विचारलं.

"हवा निघेपर्यंत, मामी."

नळीतून बुडबुडे येतच होते.