खिडकीची उंची

दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीपाशी ती पोचली तेव्हा एक वाजला होता आणि रांग पार दारापर्यंत गेली होती. पर्समध्ये आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप होती. चारच्या आत खिडकीची उंची मोजून संपादकांना कळवायची होती.

संपादकांनी सकाळीच फोन केला होता. "एका वाचकाचं पत्र आलंय. ती खिडकी म्हणे छातीइतकीच आहे. तुमच्या आई टाचा उंचावून गोळ्या घेतात असं लेखात लिहिलंयत, ते खरं की रचलेलं? रचलेलं असेल तर माफी छापावी लागेल. आणि मग सदर चालू ठेवता येणार नाही."

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दर रविवारचं सदर मिळणं हे काही खायचं काम नव्हतं. दोन वर्षं तिने त्या पेपरासाठी मागतील ते लिहिलं होतं. सणासुदीला कविता, परीक्षांच्या दिवसांत मतं, कुणाचा लेख वेळेवर आला नाही तर त्या जागी काहीतरी. तेव्हा कुठे स्वतःच्या घरादाराबद्दल लिहायला अर्धं पान हाती आलं होतं.

टाचांचं रचलेलंच होतं. 'टाचा उंचावून उभी असलेली बाई' ही ओळ आधी एका कवितेत होती. तिथे ती काही केल्या जमेना आणि टाकवतही नव्हती, म्हणून लेखात आईच्या नावावर खपवली. कवितेत चालतं, मग लेखात का नाही? लेख वाचून आईने फक्त एवढंच विचारलं होतं, "मी ठेंगणी कधीपासून झाले गं?" आणि दोघी हसल्या होत्या.

तरी खिडकी चार बोटं उंच निघेल, अशी वेडी आशा होतीच.

"ओ ताई, रांगेत या," मागून कुणीतरी ओरडलं.

"औषध नकोय मला. नुसतं मोजायचंय," ती म्हणाली आणि टेप काढून पुढे झाली.

खिडकीखाली लाकडाची एक पायरी होती. मागच्या महिन्यात ती नव्हती. चांगली रुंद, कडा घासून गोल केलेल्या, अजून रंग न लावलेली. तिच्यावर पाठीतून पार वाकलेली एक म्हातारी उभी होती आणि आतल्या माणसाला विचारत होती, "रात्रीची कुठली म्हणालात? ही पांढरी?" बाजूला दवाखान्याचा सुतार गुडघ्यांवर बसून पायरीच्या कडेला रबराची पट्टी ठोकत होता.

तिच्या हातातली टेप बघून तो म्हणाला, "चार फूट. तीनदा मोजलंय मी."

"ही पायरी कशासाठी?"

"पेपरात एका मुलीनं लिहिलं होतं. आईला इथं टाचा उंचवाव्या लागतात म्हणून. मला आधी रागच आला. खिडकी मी बसवलेली, आणि माप चुकलं म्हणतेय. येऊन मोजलं तर माप बरोबर. पण म्हटलं, एवढी शिकलेली पोर, उगाच कशाला लिहील? मग तीन दिवस दुपारचा डबा इथंच बाकावर बसून खाल्ला आणि बघत राहिलो."

"काय दिसलं?"

"खिडकी बरोबरच आहे हो. माणसं वाकलेली आहेत." त्याने म्हातारीकडे मानेने खूण केली. "आतल्याला यांचा नुसता हात दिसायचा. हातावर गोळ्या ठेवायच्या, पुढचा हात. विचारणार कुणाला?"

चार वर्षं दर महिन्याला ती आईबरोबर या रांगेत उभी राहत होती. पुष्कळदा वही उघडून, लिहायला काही मिळतंय का बघत. तिला एकही हात दिसला नव्हता. आणि या माणसाने तिची एक खोटी ओळ खरी मानली, तीन दिवस इथे बसला आणि जे होतं ते बघितलं. आपण लिहिलेलं कुणी असंही वाचत असेल, हे तिच्या कधी ध्यानीमनी नव्हतं.

म्हातारी पायरीवरून जपून उतरली. तेवढ्यात फोन वाजला.

"मोजलीत का?" संपादकांनी विचारलं.

"चार फूट आहे. वाचकाचं बरोबर आहे. टाचांचं मी रचलं होतं."

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"हो. माफी मीच लिहून पाठवते. चारच्या आत."

फोन पर्समध्ये टाकताना तिच्या लक्षात आलं, हातोडीचा आवाज थांबला होता.

"म्हणजे ती तुम्ही," सुतार म्हणाला.

"हो."

"आणि आई?"

"माझ्याहून बोटभर उंच आहे."

त्याने पायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो चार शब्द सुनावेल म्हणून ती थांबली. सुनावले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण त्याने खिशातून घडी घातलेलं एक कात्रण काढलं. तिचा लेख. त्यात पेन्सिलीने दोन ठिकाणी रेघा मारल्या होत्या. दुसऱ्या रेघेवर त्याने बोट ठेवलं.

"जिन्याचा कठडा हलतो, असं इथं लिहिलंय. ते तरी खरं ना? लाकूड मागवलंय मी."

'हो' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती उत्तर न देता जिन्याकडे गेली, आणि तिने दोन्ही हातांनी धरून कठडा हलवून बघितला.