पत्रिकेची जाडी

तवंदी घाटाच्या मध्यावर रायाप्पांच्या जुन्या फियाटनं पुन्हा मान टाकली. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा इंजिनातून आवाज आला, दोन झटके बसले आणि गाडी गप्प झाली.

"बास झालं आप्पा," मुलगा अभिनंदन खाली उतरला. "आज घाट चढली न्हाय तर भंगारात, असं ठरलंय आपलं. लावतो फोन."

"थांब की रं जरा! पॉइंट बघतो."

पॉइंट म्हणजे दोन इवलेसे तुकडे. ते एकमेकांपासून सुटले की इंजिनात ठिणगी पडते. त्यांच्यातली फट रायाप्पा उभा जन्म लग्नपत्रिकेनं मोजत आले होते. पत्रिका अलगद सरकली की काम झालं. मोजायची पट्टी बाजारात मिळते हे त्यांना ठाऊक होतं, पण पट्टीला कुठं हळदकुंकू लागलेलं असतं! आताही त्यांनी बॉनेट उघडलं आणि खिशातून सध्या वापरात असलेली नवी पत्रिका काढली.

सून दीप्तीनं ती चाचपून बघितली. वर मखमल, खाली पुठ्ठा.

"आप्पा, ही पत्रिका हाय का पाट? पूर्वी असल्या जाड असायच्या?"

रायाप्पा बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून ओरडले, "फट वाढली गं! ठिणगी लवकर पडालीया! गाडी वर चढतीया आणि इंजिनच तिला मागं ढकलतंय! पातळ पत्रिका हुडक, पळ!"

दीप्तीनं पर्स उलटी केली. साधी, पातळ अशी एकच पत्रिका निघाली. उचगावच्या नागोजीच्या बाराव्याची. नागोजी म्हणजे रायाप्पांचा जिवाचा दोस्त, नुकताच गेलेला.

"मर्तिकाचा कागद लावताय गाडीला?" फोन कानाला लावूनच अभिनंदन म्हणाला.

रायाप्पांनी कार्ड चिमटीत धरलं. बोटांना जाडी लगेच ओळखू आली. "ह्याच गाडीतनं त्येची वरात काढलीया मी. त्येचं कसलं वंगाळ?"

त्यांनी फट जुळवली, स्क्रू आवळला, चावी फिरवली. इंजिन असं गोड बोलू लागलं की तिघंही धडाधड आत बसले. वळण गेलं. दुसरं गेलं. खडखड नाही, झटका नाही! उसानं भरलेला ट्रॅक्टर मागं पडला तेव्हा दीप्तीनं खिडकीतून हात काढून चक्क आरोळी ठोकली. फोनवर भंगारवाला हॅलो हॅलो करत होता.

"येऊ नका! विकायची न्हाय!" अभिनंदन आनंदानं ओरडला.

गाडी घाटमाथ्यावर आली. रायाप्पांनी कार्डावरची काजळी धोतराला पुसली आणि मुलापुढं धरलं.

"अभ्या, नीट बघून ठेव. माझी छापशील तवा असलाच कागद घे. गाडीला लागतोय."