गोळ्या घेतल्या नाहीत

खंडेरावांनी सांगितलं, तरी सिंधुबाईची कात्री थांबली नाही. द्राक्षांची विरळणी चालू होती. घडातले जास्तीचे मणी कापले जाऊन तिच्या पायाशी पडत होते.

"मंगळू तुमच्या चुकीनं गेला नाही," खंडेराव पुन्हा म्हणाले. "गोळ्याच लागू पडल्या नाहीत. पुण्याहून रिपोर्ट आलाय."

"मला काय सांगता, भाऊ," ती घडाकडे पाहतच म्हणाली. "मी माझ्या हातानं दिल्या होत्या. सासूला सांगा. पोरगी तिच्याकडं हाय."

खंडेराव हरसूलकडच्या पाड्यांवरचे आरोग्य सेवक. तापाचा माणूस दिसला की बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, मलेरिया निघाला की गोळ्या द्यायच्या. सव्वीस वर्षं हेच केलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि गुडघ्यांना चढ नकोसा झाला होता.

सिंधुबाईचा नवरा मंगळू मिझोरामला बोगद्याच्या कामावर गेला होता. दोन वर्षांपूर्वी ताप घेऊनच परतला. तीन दिवस गोळ्या खाऊन उठला, शेतावरही गेला. तिसऱ्या आठवड्यात ताप उलटला, डोक्यात गेला, आणि नाशिकला नेताना मंगळू जीपमध्येच संपला. सरकारी कागदावर एक ओळ आली : रुग्णाने गोळ्या पूर्ण घेतल्या नाहीत. ती ओळ पाड्यावर पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. सासूनं सुनेला दारात उभं करून विचारलं, गोळ्या कुठं फेकल्यास. सहा वर्षांची नात ठेवून घेतली, सुनेला घालवून दिलं. तेव्हापासून सिंधुबाई दिंडोरीच्या बागांमध्ये मजुरी करत होती.

यंदा त्याच बोगद्यावरून पाड्यातला केरू परतला, तसाच तापानं फणफणलेला. नव्यानं आलेल्या डॉक्टर तेजस्विनीनं त्याला दवाखान्यातच ठेवलं आणि प्रत्येक गोळी डोळ्यांसमोर गिळायला लावली. तरी महिन्याच्या आत ताप परत आला. तिनं औषध बदललं, म्हणून केरू वाचला. त्याचं रक्त कागदावर वाळवून तिनं पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं, आणि कपाटातली मंगळूच्या रक्ताची जुनी काचही सोबत दिली. दोघांचं उत्तर एकच आलं. जंतूच्या जनुकांत असे बदल झाले होते, की जोडीनं द्यायच्या औषधांतल्या एकाला तो दादच देत नव्हता. उरलेल्या औषधानं ताप उतरायचा, पण जंतू संपायचा नाही. मिझोरामकडे असा जंतू जुनाच. कामावरून परतणाऱ्या माणसांच्या रक्तातून तो इथवर आला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेराव थांबत थांबत पाड्यावर चढले. मंगळूची आई ओट्यावर नागली पाखडत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिच्या हातातलं सूप मांडीवर टेकलं.

"म्हंजी तिनं दिल्या व्हत्या?"

"सगळ्या."

"आन् तरी त्यो गेला."

"हो."

कोंबड्या सुपातली नागली टिपू लागल्या, तरी तिनं हाकललं नाही.

"दोन वर्सं तिच्या नावानं बोटं मोडली मी," शेवटी ती म्हणाली. "पोरीला आईचं नाव घेऊ दिलं नाय. उद्या सकाळच्या जीपनं जाते. पोरीलाबी नेते. पाया पडून घेऊन येते तिला."

खंडेराव उठले. ज्यासाठी आले होते ते झालं होतं.

"पर भाऊ," म्हातारीनं विचारलं, "कागदावर ते खोटं कोन्या डाक्तरानं लिवलं?"

तेव्हाचा डॉक्टर कधीच बदली होऊन गेला होता. त्याचं नाव सांगून सुटता आलं असतं. खंडेराव पुन्हा ओट्यावर बसले.

"डॉक्टरनं नाही, मावशी. मी लिहिलं. नाहीतर चौकशी लागली असती, वरून माणसं आली असती, आणि मी थकलो होतो. गोळ्यांचं रिकामं पाकीट सिंधुबाईनं मंगळू गेला त्याच दिवशी माझ्या हातात ठेवलं होतं."